हॉटेलात लग्नाचा तीन दिवस मुक्काम आहे, दागिने कुठे ठेवायचे?

ठुशी
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरात चुलतदिराच्या मुलाचं लग्न आहे, उदयपूरला. मुलगी तिथली, त्यामुळे कार्यही तिथेच. आम्हा वऱ्हाडाला फतेहसागरच्या बाजूच्या एका हॉटेलात खोल्या दिल्यात. हळद, संगीत, लग्न, रिसेप्शन सगळं त्याच हॉटेलच्या हिरवळीवर.

प्रश्न दागिन्यांचा आहे. मी एक ग्रॅमचे सेट न्यायचं म्हणत होते. सासूबाईंनी ठणकावून सांगितलं, "घरातलं पहिलं लग्न आहे, खोटं घालून मी विहिणीसमोर उभी राहणार नाही." म्हणजे पाटल्या, तोडे, मोहनमाळ आणि त्यांच्या आईची वजरटीक. बाकीचं एक वेळ परत करता येईल, वजरटीक नाही. नवरा म्हणतो, खोलीत तिजोरी असते की, त्यात टाकायचं आणि निवांत व्हायचं. ती मायक्रोवेव्हएवढी पेटी बघून मला काही धीर येत नाही.

तर खोलीतली तिजोरी, हॉटेलच्या रिसेप्शन काउंटरचा लॉकर, की सतत अंगावरच? "सासूबाईंना समजवा" हा सल्ला कृपया देऊ नये. तो प्रयोग झालेला आहे.

खडूस_काका
सोनं तिजोरीत आणि तिजोरीसमोर खुर्ची टाकून नवरा. संगीतात नाचण्यातून सुटका होणार म्हटल्यावर तो एका पायावर तयार होईल.

पायाला_भिंगरी
माझी नोकरी फिरतीची, त्यामुळे या पेट्यांशी जुनी ओळख आहे. त्या सरसकट वाईट नसतात, पण कशासाठी असतात ते लक्षात घ्या. टेबलावर पाकीट दिसलं आणि कुणाला मोह झाला, एवढंच त्या टाळतात. ठरवून आलेल्या माणसाला त्या थोपवत नाहीत.

खोलीत शिरलो की आधी पेटी दोन्ही हातांनी धरून हलवतो. ती आतून बोल्टांनी कपाटाला किंवा भिंतीला आवळलेली असायला हवी. नुसतीच फळीवर ठेवलेली बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे. अशी पेटी चोर काखोटीला मारून नेतो आणि घरी जाऊन सावकाश उघडतो. मग दार उघडं ठेवूनच कोड लावतो आणि दाराच्या कडेच्या सळ्या पूर्ण बाहेर येतात का बघतो. बॅटरी उतरलेली असली की त्या अर्ध्यातच अडकतात. असं सामान आत ठेवून झालं तर भर मुहूर्तावर तंत्रज्ञाची वाट बघत बसावं लागेल.

शेवटची परीक्षा महत्त्वाची. आपला कोड लावून पेटी बंद करा आणि मग सहा शून्यं, सहा एक, सहा नऊ असं दाबून बघा. पाहुणे कोड विसरतात म्हणून हॉटेलकडे ती उघडायचा वेगळा मार्ग असतोच. कारखान्यातून येताना पेटीत एक ठरलेला मास्टर कोड असतो, तो हॉटेलने बदलायचा असतो. सगळीकडे बदलतातच असं नाही. शून्यं दाबून पेटी उघडली तर तिच्यात रुमालसुद्धा ठेवू नका.

मिरजेची_मीरा
सहा शून्यं!!! हे वाचून मी आत्ता आमच्या घरातल्या पेटीवर जाऊन दाबून आले. उघडली नाही. पण आता नवरा विचारतोय की तू रात्री साडेअकराला तिजोरीशी काय करत होतीस.

निशिगंधा
आमची आजी नऊवारीत. पैसे कनवटीला, सोनं अंगावर, आणि जास्तीचं असेल ते मेतकुटाच्या डब्यात तळाला पुरचुंडी करून. काशीपर्यंत गेली आणि सगळं घेऊन परत आली. तिचं म्हणणं असं, की चोर बॅग उचकतो, पिशवी उचकतो, पण मेतकुटात हात घालत नाही, हाताला वास राहतो.

ठुशी, गंमत सोडा. सतत अंगावर हा पर्याय तितकासा वाईट नाही. तोडे आणि पाटल्या रात्रीही हातातच राहू देत. प्रश्न राहतो मोहनमाळेचा आणि वजरटिकेचा.

शंकेखोर
स्पष्ट बोलतो, राग मानू नये. हॉटेलातला चोर बाहेरून येत नाही. किल्ली कुणाकडे असते? रोज खोलीत कोण जातं? पाहुणे कधी बाहेर पडतात, हे कुणाला ठाऊक असतं? साफसफाईला येणाऱ्यांना खोलीत येऊच द्यायचं नाही. तीन दिवस चादर बदलली नाही म्हणून कुणी मरत नाही.

मिरजेची_मीरा
@शंकेखोर, हे जरा जास्तच होतंय. दहा-बारा हजारांवर राबणाऱ्या माणसाला आधीच चोर ठरवून मोकळे.

शंकेखोर
ठरवत नाही, शक्यता सांगतोय. लॉजिक आहे.

ड्यूटी_मॅनेजर
हे लॉजिक मी रोज ऐकलेलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी आधी फ्रंट ऑफिसला होतो, मग मुंबई आणि गोव्यात ड्यूटी मॅनेजर म्हणून काम केलं. आता या धंद्यात नाही, त्यामुळे कुणाची बाजू घ्यायचं कारण नाही.

मोठ्या हॉटेलात कर्मचाऱ्यांचं दार वेगळं असतं, तिथे टाइम ऑफिस असतं. येताना आणि जाताना झडती होते, डबा उघडून बघतात. पाहुण्याने खूश होऊन दिलेला मिठाईचा पुडासुद्धा गेट पासशिवाय बाहेर जात नाही. कार्डाच्या कुलपात नोंद राहते, कुठल्या कार्डाने किती वाजता दार उघडलं ते यंत्र लावून काढता येतं. मजल्याचं कार्ड कुणाच्या नावावर दिलंय ते रजिस्टरला असतं. म्हणजे एखाद्या रूम अटेंडंटला चोरी करायची असेल, तर संशयितांच्या यादीत पहिलं नाव स्वतःचंच येणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तरी चोऱ्या होतात का? होतात. छोट्या लॉजवर, जिथे पितळी किल्ली खुंटीला लटकलेली असते आणि रजिस्टर नावालाच असतं, तिथे जास्त होतात.

पण 'वस्तू गेली' म्हणून येणाऱ्या तक्रारींचं पुढे काय होतं, तेही ऐका. आम्ही आधी पलंग उपसायचो. मग उशीचे अभ्रे. मग थेट लाँड्री. चादरी गुंडाळून नेल्या जातात, त्यात काय काय जातं! एकदा खाली लाँड्रीतल्या पोराने चादरींचा ढीग झटकला आणि मंगळसूत्र फरशीवर खणकन पडलं. वर त्या बाईंनी मजल्यावरच्या मुलीला रडवून ठेवलं होतं, पोलिसांना फोन करायची भाषा चालली होती. मंगळसूत्र हातात पडल्यावर त्या म्हणाल्या, "बरं झालं मिळालं." त्या मुलीकडे बघितलंसुद्धा नाही. टिश्यूत गुंडाळलेल्या कवळ्यांबद्दल तर लिहीतच नाही, कारण त्या कचऱ्यात शोधाव्या लागतात.

आता बाहेरचा चोर कसा येतो ते सांगतो. सफाई चालू असताना दार उघडं असतं, बाहेर ट्रॉली उभी असते. बऱ्या कपड्यातला माणूस फोनवर बोलत सरळ आत शिरतो, "हो हो, रूममध्येच आहे" म्हणतो, बॅगेतून काहीतरी काढतो आणि निघून जातो. अटेंडंटने त्याच्याकडे कार्ड मागायचं असतं, तसं शिकवलेलंही असतं. पण दहा खऱ्या पाहुण्यांना कार्ड मागा, त्यातले तीन अंगावर ओरडतात, "मला ओळखत नाही का?" मग अकराव्याला विचारायची हिंमत होत नाही. हाच माणूस कधी रिसेप्शनला येऊन "४१२, कार्ड आत राहिलं" म्हणतो. तिथल्याने नाव आणि ओळखपत्र न बघता दुसरं कार्ड दिलं, की संपलं. म्हणून खोलीचा नंबर लिफ्टमध्ये ओरडून सांगू नका. नंबर लिहिलेल्या कागदी पाकिटातून कार्ड बाहेर काढून ठेवा, आणि कुणी ओळखपत्र मागितलं तर चिडू नका.

लग्नाच्या वऱ्हाडात हे सगळं दसपटीने होतं. चाळीस खोल्या, कोण कुणाचा कुणालाच माहीत नाही, आणि सगळ्यांची दारं उघडी, कारण पोरं या खोलीतून त्या खोलीत पळत असतात.

ठुशीताई, तुमच्यासाठी सल्ला असा. चेक-इनलाच ड्यूटी मॅनेजरला गाठा आणि रिसेप्शनकडचा सेफ डिपॉझिट लॉकर मागा. जुन्या चांगल्या हॉटेलांत तो असतो. बँकेसारखाच, दोन किल्ल्या, एक तुमची आणि एक हॉटेलची. सही-शिक्क्याची पावती घ्या. लॉकर नसेल तर पिशवी तुमच्यासमोर सीलबंद करून, सीलवर सही करून त्यांच्या तिजोरीत ठेवतात.

पायाला_भिंगरी
+१. चार दिवसांत वाचलेला सर्वात कामाचा प्रतिसाद.

शंकेखोर
लाँड्रीचा मुद्दा मान्य. झडतीचाही. छोट्या लॉजबद्दल मात्र माझं मत कायम.

कायदेकानू
ड्यूटी_मॅनेजर यांनी पावतीचा उल्लेख केला, त्याची कायद्याची बाजू मांडतो.

दारामागे किंवा रजिस्टरवर 'मौल्यवान वस्तूंची जबाबदारी व्यवस्थापनाची नाही' असं छापलेलं असतं. लोकांना वाटतं, विषय संपला. संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा एक निकाल आहे. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलात १९९८ साली पाहुण्याने व्हॅलेटकडे दिलेली मारुती झेन चोरीला गेली. पार्किंगच्या कुपनावर 'मालकाच्या जबाबदारीवर' असं छापलेलं होतंच. न्यायालयाने म्हटलं, गाडी ताब्यात घेतलीत आणि परत देऊ शकला नाहीत, तर आमचा निष्काळजीपणा नव्हता हे आधी तुम्ही दाखवा. ते दाखवल्याशिवाय छापील अटीचा आडोसा मिळणार नाही.

हा निकाल गाडीचा आहे, खोलीतल्या वस्तूंना तो जसाच्या तसा लागू होतो असं मी म्हणणार नाही. पण मूळ तत्त्व १८७२ च्या करार कायद्यातलं आहे. कलम १५१ प्रमाणे, दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतली की सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यावी लागते. इथे 'सांभाळायला घेतली' हे सिद्ध करणं महत्त्वाचं. खोलीतल्या पेटीत तुम्ही परस्पर काय ठेवलं ते हॉटेलला माहीत नसतं, तसं ते म्हणणारच. रिसेप्शनला पावती घेऊन दिलेली पिशवी ही मात्र त्यांच्या ताब्यात दिलेली वस्तू.

चोरी झालीच तर हॉटेलच्या 'अंतर्गत चौकशी'वर विसंबून बसू नका. आधी एक लेखी अर्ज द्या, की अमुक वेळेपासूनचं सीसीटीव्ही चित्रण आणि कुलपाच्या नोंदी जपून ठेवाव्यात. चित्रण काही काळाने आपोआप पुसलं जातं, नंतर कितीही भांडलात तरी मिळत नाही. मग पोलीस. राहत्या जागेतल्या चोरीला आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३०५ लागतं, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. "आमची हद्द नाही" हे उत्तर चालत नाही, झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. ऑनलाइन दिलीत तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यासाठी उदयपूरला खेटे घालावे लागत नाहीत. आणि खोलीचे पैसे मुलीकडच्यांनी भरले असले तरी अडत नाही. ज्याच्या संमतीने सेवा वापरली, तोही ग्राहकच. हेल्पलाइनचा नंबर १९१५.

खडूस_काका
झेन गेली १९९८ ला, निकाल २०१९ ला. वजरटीक गेली तर नातसुनेला मिळेल म्हणायचं.

कायदेकानू
काका, त्याआधी आयोगात भरपाईचा आदेश झाला होता. पण हो, वेळ लागतो. म्हणूनच पावती घ्या म्हणतोय.

टेम्सकाठी
इकडे इंग्लंडात यावर स्वतंत्र कायदाच आहे, १९५६ चा हॉटेल प्रोप्रायटर्स अ‍ॅक्ट. ठराविक नमुन्याची सूचना दर्शनी भागात लावलेली असेल, तर हॉटेलची जबाबदारी एका वस्तूला ५० पौंड आणि एका पाहुण्याला एकूण १०० पौंड एवढ्यावर थांबते. आकडे तेव्हाचेच आहेत. मात्र वस्तू रिसेप्शनला सांभाळायला दिली असेल, किंवा द्यायला गेलात आणि त्यांनी घेतली नाही, किंवा हॉटेलच्याच चुकीने गेली असेल, तर ही मर्यादा लागू होत नाही. म्हणजे फिरून पुन्हा रिसेप्शनच्या पावतीवरच येतं. इकडे फिरायला येणाऱ्यांनी ती पाटी वाचत जा. रिसेप्शनजवळच असते, फक्त बारीक अक्षरात.

खडूस_काका
१९५६ चे पन्नास पौंड म्हणजे तेव्हा एक तोडा सहज आला असता. आता मोहनमाळेचा एक मणीसुद्धा येणार नाही.

बायनरी_बंडू
कार्डाच्या कुलपांवर सगळ्यांचा फार विश्वास दिसतोय, म्हणून थोडं मीठ टाकतो.

२०१२ साली ब्लॅक हॅट नावाच्या संगणक-सुरक्षेच्या परिषदेत एका संशोधकाने दाखवलं की ऑनिटी कंपनीच्या कुलपाच्या खाली जे छोटं भोक असतं, त्यात स्वस्तातलं एक सर्किट जोडलं की दार उघडतं. त्याच वर्षी ह्यूस्टनमध्ये ही युक्ती वापरून चोऱ्याही झाल्या. मार्च २०२४ मध्ये साफलॉक कुलपांची भानगड बाहेर आली. १३१ देशांतली १३ हजार ठिकाणं, ३० लाखांहून जास्त दारं. त्या हॉटेलचं कुठलंही एक कार्ड हातात आलं, अगदी जुनं बाद झालेलंसुद्धा, तर त्यावरून दोन बनावट कार्डं तयार करून तिथलं कुठलंही दार उघडता येत होतं. आतून लावलेली कडीही, जर ती त्याच यंत्रणेला जोडलेली असेल तर, सरकत होती. संशोधकांनी कंपनीला २०२२ मध्येच कळवलं होतं, दुरुस्तीचं काम एकेक दार करत चालू झालं.

घाबरवत नाहीये. उदयपूरच्या लग्नात हे उद्योग करायला कुणी येणार नाही. पण आपण खोलीत असताना हाताने लावायची साखळी किंवा अडसर जरूर लावा. मी दाराखाली सारायचं रबरी पाचर नेतो, पन्नास-शंभर रुपयांना मिळतं, त्याला हॅक करता येत नाही.

मिरजेची_मीरा
पाचर नेणाऱ्या माणसाच्या बायकोला रात्री लवकर परत येऊन दार वाजवावं लागत असेल तर काय होतं हो?

बायनरी_बंडू
फोन असतो ना ताई. :)

डोंगरदऱ्या
अवांतर होतंय, पण माथेरानला आमचा चष्मा, खाकऱ्याचं पाकीट आणि नवऱ्याची बीपीची गोळी खिडकीतून नेणारा चोर कुठल्याही सीसीटीव्हीला भीक घालत नाही. खाकरा खाल्ला. चष्मा कौलावर ठेवून दिला. गोळ्यांची पट्टी चावून बघितली आणि आमच्याकडे जो कटाक्ष टाकला, तो कुठल्याच पुरुषाने टाकलेला नाही. कलम ३०५ लागेल का?

कायदेकानू
आरोपीचा पत्ता आणा, बघू.

वरमाय
तुम्ही सगळे खोलीभोवतीच फिरताय. माझ्या दोन मुलींची लग्नं झाली, नात्यातली तर असंख्य पाहिली. माझ्या पाहण्यात लग्नातली चोरी खोलीत झालेली नाही. ती मांडवात होते.

आमच्या नात्यातलं पुण्यातलं लग्न, कार्यालयाचं नाव नको. रिसेप्शन चालू, स्टेजसमोर रांग. मुलीच्या आईच्या हातात मोठी पर्स, त्यात आहेराची पाकिटं आणि मुलीचे बदलून ठेवलेले दागिने. फोटोग्राफर म्हणाला, "काकू, पर्स बाजूला ठेवा, फोटोत येतेय." त्यांनी ती मागच्या खुर्चीवर ठेवली. दोन फोटो झाले. वळून बघतात तर खुर्ची रिकामी. नंतर व्हिडिओत दिसलं, दहा-अकरा वर्षांचा मुलगा, छान शेरवानी, केसांना जेल लावलेला, जेवणाच्या पंगतीतून येऊन मुलीच्या मावशांच्या घोळक्यात तासभर उभा होता. वरपक्षाला वाटलं वधूपक्षाचा, वधूपक्षाला वाटलं वरपक्षाचा. एका मावशीने त्याला आइस्क्रीमही आणून दिलं होतं.

त्यामुळे ठुशी, माझं ऐक. तिजोरी, लॉकर जे करायचं ते कर, पण कार्यात एका माणसाला दुसरं काहीही काम देऊ नका. त्याने पर्स सांभाळायची, फोटोला उभं राहायचं नाही, नाचायचं नाही, जेवायला शेवटी बसायचं. नवऱ्या मुलाच्या मामा-काकांपैकी कुणी चालणार नाही, त्यांना सतत कुणीतरी बोलावत असतं. आमच्याकडे हे काम शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांना दिलं होतं. मांडीवर पिशवी, तिच्यावर दोन्ही हात, अख्खं लग्न. कुणी नमस्कार केला तरी मानेनेच उत्तर.

आणि आहेराची पाकिटं जमतील तशी तासातासाने खोलीत न नेता रिसेप्शनच्या लॉकरमध्ये.

निशिगंधा
पोस्टमास्तर भारी आहेत. :)) आमच्याकडच्या लग्नात उसने मिळतील का?

खडूस_काका
म्हणजे ठुशीताईंचा नवराच. मी पहिल्या प्रतिसादात तेच म्हणालो होतो. द्रष्टा म्हणतात ते असं.

तात्या_परदेशी
वरमाय यांच्याशी सहमत, परदेशातही तेच. बार्सिलोनात आमच्या गटातल्या एका काकांची पिशवी हॉटेलच्या नाश्त्याच्या हॉलमधून गेली. चारतारांकित हॉटेल. पिशवी खुर्चीला अडकवून काका ऑम्लेटच्या रांगेत उभे राहिले. नाश्त्याला कोण पाहुणा आणि कोण रस्त्यावरून आलेला, हे कुणी बघत नाही. पासपोर्ट त्यातच. पोलिसांत तक्रार, मग माद्रिदच्या आपल्या दूतावासात अर्ज, तिथून इमर्जन्सी सर्टिफिकेट. ते फक्त भारतात परत येण्यापुरतं चालतं, त्यामुळे पुढची सहल बुडाली. पासपोर्टच्या रंगीत प्रती आणि दोन फोटो बायकोच्या बॅगेत होते म्हणून काम भराभर झालं. लोक खोलीला तीन कुलपं लावतात आणि बुफेला पासपोर्ट खुर्चीवर टांगतात.

सोलापुरी_चादर
एक राहिलंच. रात्री खोलीतल्या फोनवर फोन येतो, "रिसेप्शनहून बोलतोय, सिस्टीम बंद पडली होती, तुमच्या क्रेडिट कार्डाचा नंबर पुन्हा सांगा." सांगू नये. ठेवून द्यावा आणि स्वतः खाली जाऊन विचारावं. बाहेरून फोन करून खोली नंबर सांगितला की ऑपरेटर जोडून देतो, त्यात चोराला हॉटेलात यावंसुद्धा लागत नाही.

आणि दाराला 'खोली साफ करा'चं कार्ड लावून बाहेर जाऊ नका, आत कुणी नाही हे जगाला कळतं. सफाई हवी असेल तर फोन करून सांगा.

हप्ता_भरलाय
विम्यात काम करतो, म्हणून दोन ओळी. प्रवास विमा काढला म्हणजे सोनं सुरक्षित, असा समज असेल तर पॉलिसी काढून वाचा. बहुतेकांत दागिने आणि रोकड वगळलेली असते. घराच्या विम्याला जोडून दागिन्यांचं वेगळं कलम घेता येतं, ज्यात घराबाहेरचं नुकसानही धरतात. त्यासाठी मूल्यांकनाचा दाखला लागतो आणि 'लक्ष न देता सोडून गेलेली वस्तू' अशी अट जवळपास सगळीकडे असते. खुर्चीवरची पर्स त्या अटीत बरोबर बसते. ठुशी, निदान प्रत्येक दागिन्याचे नीट फोटो काढा. पट्टी बाजूला ठेवून, मागची बाजूही, फाशाजवळचा सोनाराचा छापसुद्धा. जुन्या वस्तूची पावती नसते, तेव्हा हेच कामी येतं.

ठुशी
मंडळी, सगळ्यांचे आभार. काल रात्री धागा मोठ्याने वाचून दाखवला. सासूबाईंना पोस्टमास्तर फार आवडले. मंगळसूत्रापायी रडवलेल्या मजल्यावरच्या मुलीचं ऐकून मात्र त्या गप्प झाल्या, आणि मग म्हणाल्या, "आधी आपली उशी झटकायची, मग दुसऱ्याला बोलायचं."

ठरलंय ते असं. पाटल्या आणि तोडे अंगावर. मोहनमाळ आणि वजरटीक रिसेप्शनच्या लॉकरमध्ये, लग्नाच्या दिवशी दुपारी काढायची. मी आणि चुलतजाऊ एक ग्रॅमवरच, आमच्याकडे विहीण बघणार नाहीये. हॉटेलला फोन केला, लॉकर आहे म्हणाले. पर्स सांभाळायला नवऱ्याचे एक मित्र तयार आहेत, त्यांना नाचायला येत नाही आणि मधुमेहामुळे आइस्क्रीमही बंद आहे.

आता एकच शंका @ड्यूटी_मॅनेजर. रिसेप्शन संपायला रात्रीचे दीड-दोन वाजणार. तेव्हा वजरटीक परत ठेवायला लॉकर उघडतो का कुणी? की ती एक रात्र खोलीतच काढावी लागेल?

शंकेखोर
एक रात्र असेल तर पाचर लावा आणि उशाखाली घेऊन झोपा.

निशिगंधा
उशाखाली?? आणि सकाळी चादरीबरोबर लाँड्रीत?

ड्यूटी_मॅनेजर
उशाखाली नको, कृपा करा. :)

हॉटेलचं रिसेप्शन काउंटर चोवीस तास चालू असतं, पण हॉटेलची किल्ली सगळ्यांकडे नसते. काही ठिकाणी ती कॅशियरकडे असते आणि तो अकराला घरी जातो. नाइट मॅनेजरला अधिकार आहे का, हे आत्ताच ईमेलवर विचारून ठेवा, "अमुक तारखेला पहाटे दोनच्या सुमारास लॉकर उघडावा लागेल" असं स्पष्ट लिहून. उत्तर लेखी आलं की त्या दिवशीच्या शिफ्टच्या वहीत नोंद होते, आणि नोंद असली की माणूस जागेवर असतो. नाही म्हणाले तर लग्नाच्या रिसेप्शनच्या मधेच, जेवणाला बसायच्या आधी, सासूबाईंना घेऊन पाच मिनिटं काउंटरवर जाऊन या. तोवर सगळे फोटो झालेले असतात.

आणि तुमची किल्ली हरवू नका. ती हरवली तर कुलूप फोडावं लागतं, तुमच्यासमोर, सह्या घेऊन, आणि त्याचा खर्च बिलात लागतो.

ठुशी
ईमेल आत्ता टाकते. किल्ली सासूबाईंच्या कनवटीला.